पाणी उतरल्यावरची वाट

भाद्रपद लागला की नाशिकची हवा जड होते. पाऊस आहे म्हणावं तर आहे, नाही म्हणावं तर नाही. सकाळी भुरभुरून जातो आणि दुपारी ऊन असं तापतं की रस्त्याच्या कडेच्या चिखलातून वाफ निघते. त्या वाफेला वास असतो. कुजलेल्या गवताचा, ओल्या गोणपाटाचा, गाळाचा. गणपतीचे मांडव उतरलेले असतात, बांबू अजून कोपऱ्यावर पडलेले असतात, आणि भाजीबाजारात पितरांसाठी कारली, गवार, भोपळा मांडायला सुरुवात झालेली असते. आमच्या घरात पितृपक्ष कधीच नव्हता. बाबांनी धर्मांतरानंतर तो बंद केला होता. तरी हा महिना आला की माझं जेवण कमी होतं. डॉक्टर म्हणतात, हवेमुळे होतं. असेल.

परवा सकाळी आमच्या सोसायटीतल्या फिरायला जाणाऱ्या मंडळींचा कट्ट्यावर बेत चालला होता. नासर्डीच्या कडेने टाकळीच्या संगमापर्यंत जायचं, तिथून गोदावरी धरून खाली दारणेच्या संगमापर्यंत, मग दारणा आणि वालदेवीच्या काठाने वर येत पुन्हा घरी. शहराच्या कडेच्या सगळ्या नद्या जोडणारी लांबच लांब पायवाट. पाऊस उघडला की निघायचं म्हणे. सगळ्यांच्या हातात फोन, फोनवर नकाशे, कुठे नाश्ता, कुठे मुक्काम, कुठे गाडी बोलवायची. एका तरुण मुलीने मला विचारलं, "मॅडम, तुम्ही इथल्या जुन्या. या बाजूने असं चालत गेलंय का हो कुणी?"

मी म्हटलं, "गेलेत."

तिला वाटलं मी पुढे काही सांगेन. मी चपला घातल्या आणि घरी आले.

आम्ही तिघं गेलो होतो. बाबा, कमलवहिनी आणि मी. आणीबाणी उठून थोडाच काळ झाला होता. मी अकरावीला होते. द्वारकेच्या पुढे, नासर्डीच्या काठाला आमची वसाहत होती. पत्र्याची आणि कौलांची मिसळलेली घरं, मध्ये एक बुद्धविहार, आणि मागच्या बाजूला नदी. नदी म्हणायची म्हणून. एरवी तिच्यात बायका धुणं धुवायच्या आणि म्हशी बसायच्या. पावसाळ्यात मात्र तिचा आवाज घरात यायचा.

अशोकदादा माझा थोरला भाऊ. सातपूरच्या एका कारखान्यात प्रेसमशीनवर होता. कामाला लागल्यावर वर्षाच्या आत त्याची डाव्या हाताची करंगळी मशीनखाली गेली होती. घरी आला तो हाताला पांढरं बँडेज बांधून, आणि आईला म्हणाला, "बरं झालं, नखं कापायचा त्रास कमी झाला." आईने त्याला फडक्यानेच मारलं होतं आणि मग रडत बसली होती. तो शीळ घालत सायकल चालवायचा. गल्लीच्या तोंडाशी शीळ ऐकू आली की मी चहाचं आधण ठेवायची. वैशाखात त्याचं लग्न झालं. कमलवहिनी सायखेड्याच्या पुढच्या एका गोदाकाठच्या गावची. आली तेव्हा तिला गॅसची भीती वाटायची आणि नदीची मुळीच नाही.

गौरी उठल्यानंतरचे दिवस होते. दोन दिवस पाऊस थांबलाच नव्हता. पहिली पाळी सुटल्यावर दादा आणि त्याच्याबरोबर काम करणारा एक मित्र सायकलींवर निघाले. वाटेत नासर्डी ओलांडायला एक ठेंगणी फरशी होती. पुलाने यायचं तर मोठा वळसा पडे. पाणी फरशीवरून वाहत होतं, पोटरीइतकं. दादाने सायकल खांद्यावर घेतली आणि पाण्यात उतरला. मित्र म्हणत होता, थांब, जरा बघू. मागून वरच्या अंगाचा लोंढा आला. मित्र सांगायचा, "हाक मारायलासुद्धा वेळ मिळाला नाही. सायकलचं चाक एकदा वर आलेलं दिसलं."

सायकल सापडली. दादा नाही सापडला.

वसाहतीतली पोरं कमरेला दोर बांधून उतरली. बंबवाले लांब काठ्यांना गळ लावून फिरले. पोलीस आले आणि गेले. पाणी वाहतच होतं, वरून धरणाचंही सोडलं होतं. मग एकेक जण आपापल्या कामाला लागला. त्यांचं चुकलं असं नाही, पाळ्या होत्या प्रत्येकाच्या.

आई मागच्या दाराशी बसून राहायची. ती रडली नाही. कुणी सांत्वनाला आलं तर म्हणायची, "दवाखान्यात असंल कुठंतरी. शुद्धीवर आला की येईल." रात्री त्याच्या वाटणीच्या भाकरी करून दुरडीत झाकून ठेवायची आणि सकाळी त्या म्हशीला जायच्या. वहिनी काय करत होती ते मला नीट आठवत नाही, कारण ती सतत काहीतरी करत होती. भांडी, पाणी, झाडलोट, पुन्हा भांडी. येणाऱ्या बायकांचे डोळे मात्र तिच्या कपाळावर असायचे. कुंकू होतं. एक म्हातारी तिच्यासमोरच आईला म्हणाली, "आता हिनं लावायचं का न्हाई, काय ठरवलं तुम्ही?" वहिनी उठून मोरीत गेली आणि तिने घासलेलं पातेलं परत घासायला घेतलं.

पाणी उतरायला लागल्यावर एका संध्याकाळी ती बाबांसमोर येऊन उभी राहिली. बाबांना ती मामा म्हणायची, आईला आत्या.

"मामा, मी नदीच्या कडेकडेनं खाली जाणार."

"कुठवर?"

"जिथवर सापडंल तिथवर. नांदूरच्या बंधाऱ्याला सगळं अडतं. लहानपणी आम्ही बघायचो. लाकडं, गुरं, सगळं."

बाबा तहसील कचेरीत कारकून होते. शांत माणूस. ते म्हणाले, "बाईमाणसाने एकटीने जायचं नाही हे."

"मग चला तुम्ही."

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी, त्यांनी स्वयंपाकघरात वाट आखली. वहिनीने ओला टॉवेल पिळून त्याचा पीळ तसाच फरशीवर वाकडातिकडा मांडला. ही गोदावरी. एका बाजूने पंच्याची चिंधी आणून जोडली. ही आपली नासर्डी, हे टाकळी. दुसऱ्या बाजूने एक जाड सुतळी. ही दारणा. मग कांद्याच्या टोपलीतून लहानमोठे कांदे घेऊन ती गावं ठेवत गेली. दसक. एकलहरे. ओढा. दारणा सांगवी. सायखेडा. मी दाराला टेकून बघत होते. बाबा खाली उकिडवे बसले आणि एकेक कांदा सरकवू लागले. "हे असं नाही, इथे नदी मोठं वळण घेते." धर्मांतरानंतरच्या वर्षांत बाबा या सगळ्या गावांतून सायकलवर हिंडले होते, सभा घेत, पंचशील शिकवत. त्यांना प्रत्येक वस्तीतली माणसं नावानिशी ठाऊक होती. मुक्काम कुठे, पाणी कुठे प्यायचं, कुठल्या गावात गावातून न जाता बाहेरून जायचं, हे त्यांनी सांगितलं. वहिनीने नदीचं सांगितलं. पाणी वळणाच्या बाहेरच्या अंगाला मारतं आणि आतल्या अंगाला टाकतं. म्हणजे एकच काठ धरून भागणार नाही, वळण बदललं की काठ बदलायचा. कुठे पूल आहे, कुठे होडी मिळते, कुठे बाभळबन नदीत वाकलेलं आहे आणि वाहून आलेलं अडकतं.

"निघायचं कधी?" बाबांनी विचारलं.

"पाणी अजून थोडं उतरू द्या. पण लय उशीर नको, नाहीतर..." वहिनी म्हणाली.

ते वाक्य कुणी पुरं केलं नाही. टॉवेलचा पीळ हळूहळू सैल होत होता आणि फरशीवर पाणी पसरत होतं.

मी बरोबर गेले, कारण वहिनीच्या सोबतीला बाई हवी होती. आईने भाकरी बांधून दिल्या. चौघांच्या. बाबांनी गाठोडं उचललं, वजन त्यांच्या लक्षात आलं असणार, आणि तसंच खांद्याला लावलं.

त्या चालण्याचं मला सलग काही आठवत नाही, तुकडे आठवतात. टाकळीला नासर्डीचं तांबडं पाणी गोदावरीच्या करड्या पाण्यात शिरत होतं, आणि बरंच अंतर दोन्ही वेगळी दिसत होती. काठच्या झाडांना पुराने नेसवलेल्या चिंध्या. माणसाच्या डोक्याच्या वर, फांद्यांमध्ये अडकलेलं गवत, परकराचा घेर, एक मोडकी पाटी. प्रत्येक रंगीत चिंधीपाशी वहिनी थांबायची, काठीने ती सोडवायची, बघायची आणि टाकून द्यायची. गाळात पाय घोट्यापर्यंत रुतायचे. एके ठिकाणी घार घिरट्या घालत होती. बाबा आम्हाला थांबवून एकटेच पुढे गेले. परत आले आणि म्हणाले, "वासरू आहे." त्यांच्या चेहऱ्यावर मला आनंदासारखं काहीतरी दिसलं आणि मला त्याची लाज वाटली.

एकेका गावाशी पोचताना माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. आमच्या लोकांची वस्ती दरवेळी गावाच्या खालच्या अंगाला. वरती गावाचा पाणवठा, मग गुरांचा, मग आमचा. नदी वाहून आणते ते सगळ्यात शेवटी आमच्या दारात लागतं. म्हणूनच विचारायला दुसरीकडे जायची गरज पडली नाही. बाबा वस्तीत शिरायचे, जय भीम घालायचे, लोक बाज टाकायचे. मग बाबा विचारायचे. कुणी म्हणायचं, "म्हैस व्हती." कुणी म्हणायचं, "आमच्याकडं नाय लागलं काय, पण खाली विचारा." सगळीकडे खाली विचारा. रात्री दुसऱ्यांच्या घरात, दुसऱ्यांच्या गोधड्यांवर वहिनी माझ्या शेजारी पडायची आणि तिच्या पायाची बोटं गाळाने फुगून पांढरी झालेली असायची.

दारणा सांगवीला दारणा येऊन मिळते. तिथून नदी रुंद होते. त्याच्या खाली, सायखेड्याच्या अलीकडे, एका वस्तीत सखूआजी भेटली. वाकलेली, एका डोळ्याने अधू. बाबांनी विचारायच्या आधीच तिने आमच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बसा. पाणी प्या आधी."

मग तिने सांगितलं. पाणी उतरलं तेव्हा वळणाच्या गाळात एक माणूस लागला होता. बाप्या माणूस. गावात निरोप धाडला तर उत्तर आलं, पुरून टाका. वस्तीतल्या पोरांनी तोंडाला फडकी बांधून खड्डा खणला, काठाच्या वर, बाभळीपाशी.

"तरणा होता?" बाबा म्हणाले.

"सांगता यायचं नाय दादा. पाण्यानं काय ठेवलं नव्हतं. अंगावर कापड बी नव्हतं."

"डाव्या हाताची करंगळी होती का?"

सखूआजीने बाबांकडे बघितलं. "हात कोन बघतं," ती हळूच म्हणाली.

आम्ही बाभळीपाशी गेलो. मातीचा लांबट उंचवटा होता, त्यावर काटेरी फांद्या टाकलेल्या, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. बाबा म्हणाले, पोलिसांना कळवून उकरता येईल. हाताचं हाड बघितलं तर कळेल.

"नको," वहिनी म्हणाली.

"कमल, हा आपला अशोक कशावरून?"

"नसंल." ती खाली बसली होती आणि एक हात मातीवर होता. "पण कुणाचा तरी हाय ना, मामा. इतके दिवस त्याच्याकडं कुणी आलं नाही. आपण आलोय." मग म्हणाली, "आणि उकरून तो नसला, तर मी काय करू? पुढं चालू? किती वर्षं?"

बाबांनी डोक्यावरची टोपी काढली. त्यांनी त्रिशरण म्हटलं, आवाज मध्येच तुटायचा, सखूआजी तो सांधून द्यायची. वहिनीचं माहेर तिथून पुढे थोड्या अंतरावर होतं. ती तिकडे गेली नाही. तिने नदीवर जाऊन तोंड धुतलं आणि परत आली तेव्हा कपाळ मोकळं होतं.

घरी आलो तर आई दाराशीच होती. बाबा बोलायला लागले, आईने हाताने थांबवलं. तिने वहिनीलाच विचारलं, "करंगळी बघितली?"

मी बाबांकडे बघितलं, बाबा जमिनीकडे बघत होते.

"बघितली, आत्या," वहिनी म्हणाली.

तेव्हा आई रडली. असा आवाज मी माणसाच्या तोंडून त्याआधी ऐकला नव्हता. शेजारपाजारच्या बायका धावत आल्या. त्या रात्री दुरडीत भाकरी उरल्या नाहीत.

पुढच्या भाद्रपदात आम्ही तिघं एसटीने गेलो, मेणबत्त्या आणि पांढरी फुलं घेऊन. सखूआजीने चहा दिला आणि सहज सांगितल्यासारखं म्हणाली, "मधी एक मानूस येऊन गेला. दारणेकाठचा. त्याचा बी भाऊ त्याच पुरात गेला म्हणं. मी सांगितलं, बाबा, हा तुझा नाय, याचं मानूस येऊन ओळखून गेलं. तर तो बसला बी नाय. तसाच गेला."

वहिनीने हातातला कप खाली ठेवला आणि म्हणाली, "मामा, त्याला गाठायला पाहिजे."

तिथेच, सखूआजीच्या अंगणात, पुन्हा सुतळी आली. दारणा धरून वर, या वेळी प्रवाहाच्या उलट, एकेका गावात विचारत. पण आता आम्ही जिवंत माणसाला शोधत होतो, आणि वस्तीत विचारून भागत नव्हतं. गावात शिरावं लागत होतं. काही ओट्यांवर बाबांना बस म्हणायलाही कुणी तयार नसे. ते उभ्यानेच विचारायचे, नम्रपणे, टोपी हातात घेऊन. वहिनी मागे उभी असायची. दुसऱ्या दिवशी घर सापडलं. रघुनाथ नावाचा माणूस, दादाच्याच वयाचा, मराठ्याचा. शेतावरून आला होता, पायाला चिखल. वहिनीने पदर सावरला आणि एका दमात सांगितलं, "आम्ही ओळखून नव्हतो गेलो. माझ्या मालकाला डावी करंगळी नव्हती, पण आम्ही हात बघितला नाही. तो माझा मालक असेल, नाहीतर तुमचा भाऊ असेल. मला ठाऊक नाही. तुम्हाला उकरायचं तर उकरा."

तो ओट्यावर बसला. पुष्कळ वेळ त्याने पायाचा चिखल काडीने खरवडून काढला. आतून बांगड्यांचा आवाज आला आणि थांबला. कुणीतरी दाराआड उभं राहून ऐकत होतं.

"उकरून काय करू," तो शेवटी म्हणाला. "माझ्या भावाच्या हाताची तर सगळी बोटं होती. म्हणजे हाताला बोट असलं तर आमचा, नसलं तर तुमचा. एकाला तर परत रिकाम्या हातानं जायचं." मग म्हणाला, "राहू द्या. दोघांचा म्हणू."

तो काठ आता तिथे नाही. नंतरच्या एका पुराने बाभळीसकट तो तुकडा नेला. वहिनीला बाबांनी शिकवलं, ती बालवाडीची बाई झाली, आणि पुढे बाबांनीच तिचं दुसरं लग्न लावून दिलं, नामपूरच्या एका शिक्षकाशी. लोक खूप बोलले. बाबा म्हणाले, बोलू द्या. सखूआजी गेली, बाबा गेले. वहिनी आता थकली आहे. भाद्रपदात तिचा फोन येतो, आम्ही दोघी हवेबद्दल बोलतो.

पण मला सांगायचं आहे ते त्या तिसऱ्या वर्षाचं.

त्या वर्षी आई म्हणाली, मीही येणार. आम्ही घाबरलो. रघुनाथ त्याच दिवशी येणार होता, आणि आईला त्याच्याविषयी कुणी काही सांगितलेलं नव्हतं. बाबांनी पुष्कळ टाळलं. ऊन आहे, चिखल आहे, तुझे गुडघे दुखतात. आईने लुगडं बदललं आणि दाराशी जाऊन उभी राहिली.

आम्ही मेणबत्ती लावून बसलो होतो. आई मातीला हात लावून बसली होती, अगदी वहिनी बसली होती तशी. तेवढ्यात बांधावरून रघुनाथ आला, आणि त्याच्यामागून हळूहळू एक म्हातारी. हातात पानात बांधलेला नैवेद्य. दूध, भात. ती आमच्यापासून थोड्या अंतरावर उन्हात थांबली. आम्हाला बघून की मेणबत्तीला बघून, मला कळलं नाही. बाबा उठून उभे राहिले. वहिनीने माझं मनगट धरलं.

आईने वर बघितलं. म्हातारीच्या हातातल्या नैवेद्याकडे बघितलं. मग वहिनीकडे. वहिनीने नजर खाली घेतली नाही. आईने तिच्याकडे किती वेळ बघितलं ते मला सांगता येणार नाही. नदीचा आवाज येत होता आणि पलीकडच्या काठावर कुणीतरी गुरांना हाकत होतं.

"तुमचा कितवा?" आईने त्या म्हातारीला विचारलं.

"धाकटा," ती म्हणाली.

आईने मातीवरचा हात उचलला. बसल्या बसल्या ती बाजूला सरकली, आणखी थोडी सरकली, आणि पदराने शेजारची जागा झटकली.

"इकडं या बाई, सावलीत," ती म्हणाली. "तिकडं ऊन लागतंय."

म्हातारी क्षणभर तिथेच उभी राहिली. मग आली, आणि आईला लागून बसली.